१०० मिमीच्या हार्डटेलला १४० मिमीचा फोर्क बसवावा का?

डोंगरवाट_पुणे

माझ्याकडे २९ इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल आहे. पुढचे चाक धरून धक्के झेलणारा मूळ फोर्क १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तितका दबणारा), स्टीलच्या स्प्रिंगचा आहे. तळजाई, वेताळ टेकडी आणि सुट्टीच्या दिवशी मुळशीकडचे कच्चे रस्ते एवढाच तिचा वावर असला, तरी पाच-सहा वर्षांत फोर्कची पुरती दमछाक झाली आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली की बुशिंगमधला (फोर्कच्या नळ्या ज्यांवर सरकतात त्या कड्यांमधला) खेळ हाताला स्पष्ट जाणवतो. सुट्या दगडांच्या लांब उतारावर दहा मिनिटांत मनगटांना मुंग्या येतात.

एका ओळखीच्या सायकलस्वाराने आपला वापरलेला १४० मिमीचा एअर (हवेच्या स्प्रिंगचा) फोर्क देऊ केला आहे. फोर्क चांगल्या स्थितीत आहे, भावही परवडणारा आहे आणि खरे सांगायचे तर तो पाहिल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही. तरीही फ्रेमवर तो चालेल का, हे विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असे ठरवले आहे. मोजमापे जमतील तितकी काळजीपूर्वक घेतली आहेत. हेड ट्यूबचा (हँडलखालच्या पुढच्या नळीचा) कोन ६९ अंश, व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या ॲक्सलमधले अंतर) ११०५ मिमी, चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या ॲक्सलपर्यंतची नळी) ४४० मिमी, जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटची (पायडलच्या आसाची) उंची ३०५ मिमी, हेड ट्यूबची लांबी ११० मिमी. हेड ट्यूब वरून खालपर्यंत सरळ असून आतला व्यास ४४ मिमी आहे. आताच्या फोर्कचा स्टीअरर (हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) सरळ, सव्वा इंचाहून थोडा कमी म्हणजे २८.६ मिमीचा आहे, तर मिळणाऱ्या फोर्कचा स्टीअरर खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाणारा टेपर्ड आहे आणि तो १७५ मिमीवर कापलेला आहे. त्याचा ॲक्सल १५ बाय ११० बूस्ट (१५ मिमी जाड, ११० मिमी रुंद हबसाठी) आहे, माझ्या चाकाचा हब मात्र ९ मिमी क्विक रिलीजचा आहे.

४० मिमीचा फरक म्हणजे जेमतेम दीड इंच. एवढ्याने खरोखर काही बिघडते का?

सातारा_घाट

सर्वप्रथम, मोजमापांसह प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. एक माप मात्र राहिले आहे आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. ट्रॅव्हलचा आकडा म्हणजे फोर्क किती दबतो ते. फ्रेमला त्याच्याशी थेट देणेघेणे नसते. फ्रेमला कळते ती फोर्कची उभी लांबी, म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस (स्टीअररच्या तळाचे बेअरिंगचे कडे) जिथे बसते त्या कडेपर्यंतचे अंतर. सायकल उलटी न करता, फोर्कवर भार नसताना, स्टीलच्या पट्टीने दोन्ही फोर्कची ही लांबी मोजा आणि इथे लिहा. त्याआधी १४० आणि १०० यांची वजाबाकी करून काहीही ठरवू नका.

डोंगरवाट_पुणे

आताच मोजून आलो. माझा फोर्क ५१० मिमी भरला आणि समोरचा ५५१ मिमी. म्हणजे फरक ४१ मिमीच आहे. वजाबाकी बरोबरच होती की.

सातारा_घाट

या वेळी ती जुळली, एवढेच. पण हिशेब इथे संपत नाही. तुमच्या ४४ मिमीच्या सरळ हेड ट्यूबमध्ये टेपर्ड स्टीअरर बसवायचा, तर दीड इंची बेअरिंग ट्यूबच्या आत मावत नाही. त्यासाठी बेअरिंगची खालची वाटी बाहेर राहणारी घ्यावी लागते. आता खालची वाटी ट्यूबच्या आत लपलेली असल्यामुळे तिची उंची जवळजवळ नाही. नवी वाटी पुढचा भाग आणखी साधारण १० मिमी उचलेल. म्हणजे प्रत्यक्षातील वाढ ४१ नव्हे, ५१ मिमी.

आता ५१ मिमी फोर्कच्या तिरप्या दिशेत आहेत. ६९ अंशाच्या कोनात त्यातून हेड ट्यूबची उभी उचल सुमारे ४८ मिमी मिळते. संपूर्ण सायकल मागच्या ॲक्सलभोवती फिरते असे धरून या उचलीला ११०५ने भागले, तर जवळजवळ अडीच अंश येतात. हेड अँगल ६९वरून ६६.५ होतो आणि सीट ट्यूबही तितकीच मागे कलते. बॉटम ब्रॅकेट सुमारे १९ मिमी वर जातो. रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, साधारण २७ मिमी कमी होते. सीट पायडलच्या तुलनेत ३० मिमी मागे सरकते आणि ती पुढे आणायला सीटच्या रेलवर तेवढी जागा बहुतेक उरलेली नसते.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. आपण सायकलवर बसलो की फोर्क थोडा दबतो, त्यालाच सॅग म्हणतात. १०० मिमीच्या फोर्कवर २० टक्के धरले तर २० मिमी, १४० मिमीच्या फोर्कवर २५ टक्के धरले तर ३५ मिमी. म्हणजे स्वार बसलेला असताना खरा फरक ५१ऐवजी ३६ मिमी राहतो आणि कोनातील बदल पावणेदोन अंशांच्या आसपास येतो. पण तुम्ही चढावर असता तेव्हा भार मागच्या चाकावर जातो, फोर्क पुन्हा वर येतो आणि नेमक्या त्या वेळी संपूर्ण अडीच अंश तुमच्या वाट्याला येतात. तीव्र चढावर पुढचे चाक हलके होऊन डावी-उजवीकडे भरकटू लागते. यवतेश्वरच्या बाजूच्या पायवाटांवर मी हे स्वतः भोगले आहे. पाय चढायला तयार असतात आणि चाक वळणावर सरळ राहात नाही.

आणखी एक गोष्ट हार्डटेलवाल्यांच्या लक्षात सहसा येत नाही. आपल्या सायकलला मागे सस्पेन्शन नाही, त्यामुळे फोर्क दबतो तेव्हा केवळ पुढचाच भाग खाली जातो आणि हेड अँगल ताठ होत जातो. १०० मिमीचा फोर्क पूर्ण दबला तर तुमच्या सायकलवर हा कोन सुमारे पावणेपाच अंशांनी बदलतो. १४० मिमीच्या फोर्कमध्ये तो बदल जवळजवळ सात अंशांचा असतो. जोरात ब्रेक लावून खड्ड्यात उतरलात की उतारासाठी मिळवलेला तो आरामशीर कोन, ज्या क्षणी सर्वांत जास्त हवा असतो, त्याच क्षणी नाहीसा होतो.

धातू_आणि_भार

भूमितीचा हिशेब वरच्या प्रतिसादात अचूक आला आहे. मी फ्रेमच्या बळाबद्दल लिहितो, कारण या विषयात माझे मोठे नुकसान झाले आहे आणि ते दुसऱ्या कोणाचे होऊ नये असे मला तळमळीने वाटते.

पुढचे चाक दगडावर आदळते तेव्हा फोर्क हा तरफेसारखा काम करतो. ॲक्सलवर मागच्या दिशेने बसणारा धक्का गुणिले फोर्कची लांबी, इतका वाकवणारा भार हेड ट्यूब आणि डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून पायडलकडे उतरणारी नळी) यांच्या जोडावर येतो. ५१०चे ५६१ झाले तर त्याच धक्क्याला हा भार १० टक्क्यांनी वाढतो. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. परंतु ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. लहान-लहान धक्केही मोजले जातात, साठत जातात, आणि ताण थोडा वाढला की आयुष्य त्याच प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी जास्त घटते. शिवाय लांब फोर्क लावला की आपण पूर्वी जिथे थांबत होतो तिथे थांबत नाही. धक्केही मोठे होतात.

माउंटन बाइकच्या फ्रेमची आयएसओ ४२१० या मानकानुसार थकवा-चाचणी होते, तेव्हा ॲक्सलच्या जागी आडवा भार पुढे-मागे असा ५०,००० वेळा दिला जातो. ही चाचणी त्या फ्रेमसाठी ठरवलेल्या फोर्कच्या लांबीवर होते. त्यापलीकडच्या लांबीवर फ्रेम टिकणारच नाही असे नाही, पण टिकेल असे म्हणण्याला कोणाचाही आधार उरत नाही. वॉरंटी तर उरतच नाही.

माझी स्वतःची फ्रेम १०० मिमीसाठी बनवलेली होती आणि मी तिला १५० मिमीचा फोर्क लावला होता. दीड वर्ष काहीही झाले नाही, त्यामुळे माझा आत्मविश्वास वाढला. एका पावसाळ्यात सायकल धुताना डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला, हेड ट्यूबच्या वेल्डपासून बोटभर अंतरावर, केसाएवढी काळी रेघ दिसली. चिखल समजून मी ती फडक्याने पुसली. पुढच्या रविवारी ती तिथेच होती. अंगठ्याचे नख फिरवले तर नख अडकले. त्या क्षणी पोटात गोळा आला, कारण आदल्याच दिवशी मी त्या सायकलवरून ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने घाट उतरलो होतो.

त्यानंतर ज्या वर्कशॉपमध्ये सायकल नेली, तिथे ‘एक टाका मारला की झाले’ असा सल्ला मिळाला. कृपा करून कोणीही हा मार्ग धरू नये. ६०६१ जातीची फ्रेम वेल्ड झाल्यावर तिला पूर्ण उष्णता-प्रक्रिया देऊन बळ परत आणलेले असते. नंतर मारलेल्या टाक्याच्या आजूबाजूचा धातू पुन्हा मऊ पडतो आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. मी ती फ्रेम करवतीने कापून भंगारात दिली, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही.

जांभ्यावरची_सायकल

डोंगरवाट दादा, मी सिंधुदुर्गात सायकल चालवते. आमच्याकडे जांभ्याचा सडा आणि पावसात त्याच्यावर चढलेले शेवाळ, अशी वाट असते. तुमच्या पहिल्या पोस्टमधले एक वाक्य मला महत्त्वाचे वाटले आणि त्याच्यावर कोणीच बोललेले नाही. तुमच्या मनगटांना मुंग्या येतात. तुम्ही त्याचे कारण ट्रॅव्हल कमी आहे असे धरले आहे. पण तुम्ही आताचे १०० मिमी तरी पूर्ण वापरता का?

मीही तीन वर्षांपूर्वी हाच विचार करत होते. माझे वजन ५४ किलो आहे. फोर्कच्या नळीला प्लास्टिकची बारीक केबल टाय बांधून मी आमच्या सर्वांत खडबडीत उतारावरून आले. टाय ६० मिमीवर थांबली होती. म्हणजे स्प्रिंग माझ्या वजनाला इतकी कडक होती की १०० मिमीपैकी ४० मिमी मी कधी वापरलेच नव्हते. त्याखेरीज त्या स्वस्त फोर्कमध्ये परतीच्या वेगावर, म्हणजे रिबाउंडवर, काहीच ताबा नव्हता. दगडावर दबायचा आणि उसळी मारून हँडल हातात परत आदळायचा. मुंग्या त्या आदळण्याने येत होत्या.

मी १२० मिमीचा एअर फोर्क घेतला. कागदावर फक्त २० मिमी वाढले. वापरात मला ६०चे १०५ मिळाले, कारण हवा माझ्या वजनानुसार भरता येते आणि रिबाउंड फिरवून हळू करता येतो. माझ्या मते १२० मिमीचा नीट डॅम्पर (दबण्याचा आणि परतीचा वेग आवरणारा भाग) असलेला फोर्क हा १४० मिमीच्या सामान्य फोर्कपेक्षा कधीही चांगला. टायरकडेही बघा. मी ट्यूबमध्ये ३५ पीएसआय ठेवत होते. ट्यूबलेस करून २३वर आल्यावर अर्धी थरथर टायरनेच खाल्ली आणि त्याचा खर्च फोर्कच्या दहाव्या भागाएवढाही नव्हता.

डोंगरवाट_पुणे

ताई, केबल टाय आज बांधली आणि तळजाईवर दोन फेऱ्या मारल्या. माझे वजन ७८ किलो आहे. टाय ७१ मिमीवर थांबली. हे मला अजिबात अपेक्षित नव्हते. मी जो फोर्क कमी पडतो म्हणत होतो, त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून वापरातच आलेला नाही.

तरी मोह सुटत नाही म्हणून विचारतो. तोच १४० मिमीचा फोर्क घेऊन आतून १२० मिमीचा करता येईल का?

पाना_स्क्रू

मी पंचवीस वर्षे सायकल दुरुस्तीत आहे. आमच्या दुकानात अजून जुने लोक फोर्कला चिमटाच म्हणतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की अनेक एअर फोर्कमध्ये आतला एअर शाफ्ट बदलून ट्रॅव्हल १० मिमीच्या टप्प्यांनी कमी-जास्त करता येते आणि त्याबरोबर फोर्कची उभी लांबीही तितकीच बदलते. काही मॉडेलांत शाफ्टवर स्पेसर घालून हे काम होते. ते त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असले पाहिजे. अंदाजाने प्लास्टिकचा तुकडा आत घालून लोक माझ्याकडे फोर्क आणतात आणि ते उघडताना सीलचे तुकडे बाहेर येतात.

समजा शाफ्ट मिळाला आणि १२० मिमी झाले. लांबी ५३१ होईल. त्यात बाहेरच्या वाटीचे १० मिमी मिळवा. वाढ ३१ मिमी झाली, म्हणजे दीड अंश. तुम्ही १२० म्हणून आणलेला फोर्क फ्रेमला १३० म्हणून भेटतो.

आता बसवण्याच्या खर्चाकडे या. टेपर्ड स्टीअररसाठी पूर्ण हेडसेट (हेड ट्यूबमधला बेअरिंगचा संच) बदलावा लागेल. १५ बाय ११० बूस्टमुळे तुमचे पुढचे चाक निरुपयोगी ठरेल. १५ बाय १०० हबवाल्यांना दोन्ही बाजूंना ५ मिमीच्या चकत्या आणि रोटरखाली (ब्रेकच्या तबकडीखाली) ५ मिमीचा स्पेसर लावून वेळ मारून नेता येते. पण ९ मिमी क्विक रिलीजचा हब त्यात बसवायचा, तर आधी हबचेच ॲक्सल बदलता आले पाहिजे आणि बऱ्याच साध्या हबमध्ये ते बदलता येत नाही. म्हणजे नवा हब, नव्या तारा आणि मजुरी. त्या वर्गातल्या अनेक फोर्कचे ब्रेकचे माउंट थेट १८० मिमीचे असते, त्यामुळे तुमचा १६० मिमीचा रोटरही गेला. हा सगळा खर्च त्या परवडणाऱ्या भावात मिळवून पाहा.

स्टीअररचे गणित काठावर आहे. ११० मिमीची हेड ट्यूब, खाली १२ आणि वर १२ मिमीचा हेडसेट, ४० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा भाग), एकूण १७४. स्टीअरर स्टेमच्या माथ्यापासून ३ मिमी आत राहायला हवा, म्हणून १७१ पुरतो. तुमच्याकडे १७५ आहेत. बसेल, पण खाली ४-५ मिमीच्या एका पातळ स्पेसरपलीकडे काही राहणार नाही. वापरलेला फोर्क घेताना मी सर्वांत आधी स्टीअररच मोजतो. कापलेला स्टीअरर वाढवता येत नाही आणि कोणी लेथवर नळी जोडून देतो म्हणाला, तर तिथून निघून यावे.

शेवटची तपासणी कोणी करत नाही, ती सांगतो. नवा फोर्क नुसता अडकवून हँडल पूर्ण वळवा आणि क्राउनवरची (फोर्कचे दोन्ही पाय जोडणाऱ्या वरच्या भागावरची) बटणे डाउन ट्यूबला लागतात का ते बघा. जाड नळ्यांच्या फोर्कचे क्राउन मोठे असते. पडल्यावर हँडल गर्रकन फिरते आणि ते बटण ट्यूबमध्ये खळगा पाडते.

सातारा_घाट

थोडे विषयाच्या कडेने, पण सांगावेसे वाटते. हा प्रश्न सस्पेन्शन फोर्कच्या जन्मापासूनच आहे. रॉकशॉक्सचा आरएस-१ हा फोर्क १९८९मध्ये आला आणि त्याचे ट्रॅव्हल ४८ मिमी, म्हणजे दोन इंचांहून कमी होते. १९९०मध्ये अमेरिकेत ड्युरँगो येथे झालेल्या पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड याने डाउनहिलचे विजेतेपद याच फोर्कवर मिळवले. तेव्हाच्या फ्रेम ताठ फोर्कसाठी बनवलेल्या होत्या. त्यामुळे सस्पेन्शन फोर्क लावला की सायकलचे नाक वर जायचे, आणि मग निर्मात्यांनी लांब फोर्क गृहीत धरून फ्रेम आखायला सुरुवात केली. आज १४० मिमीच्या फोर्कवर चांगल्या चालणाऱ्या हार्डटेल आहेतच. पण त्यांची सीट ट्यूब आधीच ताठ, रीच आधीच लांब आणि बॉटम ब्रॅकेट आधीच खाली ठेवलेला असतो. त्या फ्रेमचा गुण फोर्क बदलून आपल्या फ्रेममध्ये येत नाही.

तुम्ही फ्रेमच्या निर्मात्याला ईमेल लिहून फोर्कची कमाल लांबी विचारा. ट्रॅव्हल विचारू नका, लांबी विचारा.

डोंगरवाट_पुणे

दोन महिन्यांनी धागा वर आणत आहे, कारण इतक्या जणांनी वेळ दिल्यावर पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

निर्मात्याचे उत्तर आठवड्यात आले. या फ्रेमसाठी कमाल १२० मिमी ट्रॅव्हल आणि कमाल ५३० मिमी लांबी. १४० मिमीच्या फोर्कला मी नकार कळवला. जड मनाने कळवला, कारण वस्तू खरोखरच सुंदर होती. त्याऐवजी सरळ स्टीअररचा, ९ मिमी क्विक रिलीजचा, १२० मिमीचा नवा एअर फोर्क घेतला. हेडसेट, चाक आणि रोटर जुनेच राहिले. पाना_स्क्रू काकांनी सांगितल्याप्रमाणे क्राउन डाउन ट्यूबपासून किती दूर राहते ते तपासले. कार्डबोर्डचा जाड तुकडा सहज जातो.

पट्टीने लांबी ५२८ मिमी भरली, म्हणजे वाढ १८ मिमी. बॉटम ब्रॅकेट ३०५वरून ३१२वर आला. फोनवरच्या कोनमापकात हेड अँगल ६८.१ दिसतो. सीट रेलवर १० मिमी पुढे सरकवली आणि स्टेमखालचा १० मिमीचा एक स्पेसर काढून वर घातला. चढावर मला फरक जाणवत नाही. जाणवत असता तर लिहिले असते.

उतारावरचा फरक शब्दांत सांगणे अवघड आहे. मुळशीकडच्या ज्या उतारावर मी प्रत्येक वेळी मध्ये थांबून हात झटकत असे, तिथे गेल्या रविवारी न थांबता खाली आलो आणि खाली आल्यावर लक्षात आले की हात झटकलेच नाहीत. टायर ट्यूबलेस केले असून पुढे २४ पीएसआय ठेवले आहे. खाली आल्यावर नळीवरचे रबरी कडे ९८ मिमीवर होते. डाउन ट्यूबच्या वेल्डखाली दर रविवारी धुतल्यावर नख फिरवून पाहतो. धातू_आणि_भार, ही सवय तुमच्यामुळे लागली.

एक शंका उरली आहे. पावसाळा तोंडावर आहे. फोर्कची पहिली सर्व्हिस आताच करून घ्यावी की पाऊस संपल्यावर?

पाना_स्क्रू

पुस्तिकेत खालच्या पायांची (फोर्कच्या खालच्या, बाहेरच्या नळ्यांची) सर्व्हिस बहुधा ५० तासांनी लिहिलेली असते. तो आकडा कोरड्या हवामानाचा समजा. आपल्याकडच्या तांबड्या चिखलात मी ती ३० तासांवर करतो. आता एकदा खालचे पाय काढून फोमच्या कड्यांत ताजे तेल भरून घ्या, म्हणजे सील ओले राहतील, आणि गणपतीनंतर पुन्हा या. धुताना प्रेशरचे पाणी सीलवर मारू नका. बादली आणि जुने फडके पुरे आहे.

डोंगरवाट_पुणे

शनिवारी सायकल घेऊन येतो, काका. जुना फोर्कही आणतो. त्याचा स्टीअरर पूर्ण लांबीचा आहे. बुशिंग बदलून कोणाच्या उपयोगी पडत असेल तर बघा.